चाकांवरचे बिऱ्हाड

सुरतेहून लांबच्या वाटेला लागणाऱ्याने आपले अर्धे घर बरोबर घेऊन निघावे, ही रीत तीनशे वर्षांहूनही जुनी आहे. सतराव्या शतकात हे शहर मोगल साम्राज्याचे पश्चिमेकडील महाद्वार होते. जहाजातून उतरलेला प्रवासी इथे काही दिवस विसावा घेई आणि मग बुऱ्हाणपूर, आग्रा किंवा गोवळकोंडा यांपैकी एखादी वाट धरी. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने या वाटा अनेक वेळा तुडविल्या व १६७६ मध्ये आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. सुरत ते आग्रा हा प्रवास पस्तीस ते चाळीस दिवसांचा असून बैलगाडीचे भाडे दिवसाला सुमारे एक रुपया पडे, असे तो लिहितो. हिऱ्यामाणकांच्या व्यवहारात मुरलेल्या या गृहस्थाची नजर बैलाच्या खुराकावरही तितकीच बारीक होती. सकाळी कणीक, तूप आणि गूळ यांचे दोन-तीन गोळे आणि संध्याकाळी भरडून भिजविलेले हरभरे, असा तो खुराक त्याने नोंदवून ठेवला आहे.

त्याच वृत्तांतातील आणखी एक गोष्ट मला फार आवडते. मालाच्या मोठ्या गाड्यांबरोबर प्रत्येकी चार शिपाई चालत, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. गाडीवरून दोन दोर आडवे टाकलेले असत व त्यांची चार टोके या चौघांच्या हाती असत. खाचखळग्यात गाडी एका बाजूला कलू लागली की समोरच्या बाजूचे दोघे दोर ताणून धरीत आणि गाडी सावरे. रस्ता नसलेल्या मुलखातून चाकांवरचे घर न्यावयाचे, तर मुख्य प्रश्न तोल सांभाळण्याचा, हे त्या काळच्या गाडीवानांना पुरते ठाऊक होते. आम्हांला ते आमच्या सासूबाईंनी शिकविले.

आमचे घराणे चार पिढ्यांपासून सुरतेत आहे. घरात मराठी, दारात गुजराती आणि सासूबाईंच्या तोंडी, राग आला म्हणजे, अहिराणी, अशी आमची भाषेची वाटणी. सासूबाईंना आम्ही माई म्हणतो. त्यांचे माहेर पश्चिम खानदेशात, पिंपळनेरच्या बाजूला. लहानपणी त्या आईवडिलांबरोबर बैलगाडीने सप्तशृंगीच्या यात्रेला जात. शेलबारीचा घाट ओलांडून ताहाराबाद, सटाणा, कळवण करीत गाड्या नांदुरीला पोहोचत, तिथे गडाच्या पायथ्याशी सोडल्या जात, आणि मुले गाडीखाली आडवी होत. आज माईंचे वय चौऱ्याऐंशी आहे. दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारला आहे. गेली कित्येक वर्षे गड त्यांच्यासाठी केवळ भिंतीवरच्या तसबिरीपुरता उरला होता. ‘मोटारीने चला की’ असे कोणीही म्हणेल. परंतु मोटारीने गेल्यावर उतरावयाचे कुठे? धर्मशाळेच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत, जमिनीवर बसवत नाही, बाहेरचे खाणे सोसत नाही. त्यांची मोठी अडचण अशी, की आपल्यापायी इतरांची तारांबळ उडाली, की त्या मनाने मिटून जातात आणि ‘पुन्हा कधी मला नेऊ नका’ असे सांगून मोकळ्या होतात.

दुसरी अडचण माझी स्वतःची. सहल या शब्दाचा अर्थ आमच्या पिढीच्या गृहिणीला विचारावा! घरी ओटा असतो, नळ असतो, मिसळणाचा डबा डोळे मिटूनही हाती लागतो. सहलीत तेच बाराजणांचे रांधणे तीन दगडांच्या चुलीवर, वाऱ्याशी भांडत, पाठ मोडून करावयाचे आणि वर ‘काय मोकळी हवा आहे!’ हे उद्गार ऐकावयाचे. म्हणून यजमानांनी आणि चिरंजिवांनी जीपच्या मागे जोडावयाची एक छोटी बिऱ्हाडगाडी बांधण्याचा घाट घातला, तेव्हा मी दोनच अटी घातल्या. माईंना तिच्यात खुर्चीवर बसल्याइतक्या सहजपणे बसता-उठता आले पाहिजे, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईला ताठ उभे राहता आले पाहिजे. बाकीची कलाकुसर त्यांनी त्यांच्या हौसेने करावी.

गाडीचा सांगाडा उधन्यातील एका कारखान्यात झाला. सात फूट लांब, पाच फूट रुंद साटा, एकच आस, पाट्यांच्या स्प्रिंगा, आणि चाके जीपच्या मापाचीच, म्हणजे एक जादा चाक दोघांनाही पुरते. इथे एक सूचना हौशी वाचकांसाठी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे असा ट्रेलर हेही एक वाहनच ठरते. त्याची रीतसर नोंदणी व्हावी लागते, त्याला स्वतःचा क्रमांक लागतो. बांधण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात चौकशी करावी. बांधून झाल्यावर केलेली चौकशी महाग पडते.

कारखान्यातून आलेल्या नकाशात स्वयंपाकघर शेपटाशी होते, ते योग्यच. मागचा दरवाजा वर उचलला की त्याचेच छप्पर होते आणि ओटा खणासारखा बाहेर ओढता येतो. पण त्याला लागूनच पाण्याची साठ लिटरची टाकी, त्याखाली गॅस, शेजारी भांड्यांचे कपाट, अशी सगळी जड मंडळी मागच्या टोकाला जमली होती. यजमान तो कागद जेवणाच्या टेबलावर पसरून समजावीत होते. माईंनी चष्मा पुसून त्यावर नजर टाकली आणि म्हणाल्या, “ही तर उलार होईल. उलार गाडी म्हंजे बैलना गळाले फास.” बैलगाडीत माल मागच्या अंगाला अधिक झाला, की जू वर उचलले जाते आणि गळ्याखालचे पट्टे बैलाला काचतात. उलट सगळा भार पुढे आला, तर तो त्याच्या मानेवर बसतो. म्हणून जाणता गाडीवान माल भरताना जू हाताने उचलून पाहतो. ते जरासे जड लागावे, पण उचलता यावे.

जीपला गळा नसला, तरी शास्त्र तेच आहे. शेपूट जड झाले की जोडाच्या ठिकाणी जीपचा मागचा भाग उचलला जातो, तिच्या मागच्या चाकांची पकड सुटू लागते आणि उतारावर वेग येताच जोडगाडी डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागते. एकूण वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर यावा, असे या धंद्यातले जाणकार सांगतात. आमची गाडी भरल्यावर सातशे किलोच्या घरात जाते; म्हणजे जोडावर सत्तर ते शंभर किलो. तो मोजण्यासाठी निराळे यंत्र लागत नाही. घरातला माणसे तोलण्याचा काटा जोडाखाली ठेवला की भागते. माईंच्या शेऱ्यानंतर टाकी आसाच्या किंचित पुढे, तळाशी गेली. तिथे ती भरलेली असो वा रिकामी, तोल फारसा ढळत नाही. बॅटरी आणि हत्यारांची पेटी दांड्यावर गेली. मागे राहिला फक्त ओटा, त्याचे दोन बर्नर आणि भांडी.

आता ओट्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण पुरुषांनी लिहिलेल्या लेखांत चाके आणि स्प्रिंगा यांचीच वर्णने फार असतात. ओट्याची उंची ठरविताना मी आणि सूनबाई भिंतीशी उभ्या राहिलो, कोपर वाकवले आणि त्याच्या खाली चार बोटांवर खूण केली. तिची आणि माझी खूण दोन इंचांनी निराळी आली. मधली उंची धरली. ओट्याच्या डाव्या अंगाला गुडघ्याच्या वर येईल अशी एक बुटकी फळी बाहेर निघते. ती माईंची. त्यांना जमिनीवर बसता येत नाही, पण विळीवाचून त्यांचा हात भाजीवर चालत नाही. म्हणून फळीला आवळून बसविता येते अशी विळी घेतली. समोर खुर्ची टाकून त्या मेथी निवडतात, वांगी चिरतात आणि सर्वांवर देखरेख ठेवतात. ही फळी करण्यास सुताराला अर्धा दिवस लागला. साऱ्या गाडीत तिच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही, असे माझे मत आहे.

गॅससाठी घरचा चौदा किलोचा सिलिंडर न घेता पाच किलोचा लहान घेतला. त्याचा कप्पा आतल्या बाजूने पूर्ण बंद आणि बाहेरून उघडणारा आहे. त्याच्या तळाशी जाळीचे भोक ठेवले आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर न जाता खाली साचतो, त्यामुळे त्याला वाट तळाशीच लागते. सिलिंडर उभाच ठेवावयाचा आणि गाडी चालू असताना त्याची कळ बंद, यात सूट नाही.

पाणी पायाने दाबावयाच्या पंपाने येते, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात आणि धार बेताची पडते. प्यायला व रांधायला माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरले, तर सहा माणसांना साठ लिटर दोन दिवस कसेबसे पुरते. भांडी त्यातच घासावयाची, तर आधी राखेने कोरडी पुसून घ्यावी. गाडीवानांच्या बायका तसेच करीत.

छतासाठी कापड निवडताना गंमत झाली. सारे सुरत शहर कृत्रिम धाग्याच्या कापडावर उभे. नातेवाइकांपैकी दोघे त्याच धंद्यातले. दोघांनीही हलके, चकचकीत, पाणी न धरणारे कापड फुकट देऊ केले. आम्ही मात्र पैसे मोजून जाड सुती कॅनव्हास आणला. कृत्रिम कापडाखाली रात्री श्वासाची वाफ साचून थेंब टपकतात. शिवाय चुलीची ठिणगी उडाली तर ते वितळून अंगावर येते. सुती कापड फार तर करपते. नातेवाईक अजून थोडे रुसलेले आहेत.

आत झोपण्याची सोय दोघींची, माईंची आणि माझी. बाकीच्यांनी तंबूत झोपावे. गादी चार इंची. बिछान्याच्या काठावर बसले की पाय नेमके रुंद पायरीवर टेकतात आणि हाताशी धरावयास लोखंडी दांडी येते. एका बाजूच्या कनातीत बैठकीचा घडीचा कमोड. याविषयी लिहिण्यास मासिकातून संकोच करतात, पण म्हाताऱ्या माणसांच्या अर्ध्या सहली याच एका कारणाने रद्द होत असतात. आणखी एक गोष्ट धुळीची. कच्च्या रस्त्यावर गाडीच्या मागे हवेची पोकळी होते आणि धूळ फटीफटींतून आत ओढली जाते. दारांना रबराच्या पट्ट्या लावल्या आणि छतात पुढे तोंड करून एक झरोका ठेवला. त्यातून आत शिरणारी हवा धुळीला बाहेरच थोपविते.

पौषात निघालो. चैत्री यात्रेची गर्दी माईंना झेपणारी नव्हती, आणि देवी काही तिथी पाहून भेटत नाही, असे त्याच म्हणाल्या. निघताना तापीकाठच्या बाजारातून पोंक घेतला. हिवाळ्यात भाजून चोळलेले कोवळ्या ज्वारीचे हे हिरवे दाणे लिंबूमिऱ्याच्या शेवेबरोबर खावयाचे. आपल्या हुरड्याचा हा सुरती चुलतभाऊ. दशम्या मी आदल्या रात्रीच केल्या होत्या. पाण्याऐवजी दुधात भिजविलेली ही भाकरी प्रवासासाठीच जन्मली आहे.

बारडोलीच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला, आणि रस्त्याच्या कडेने पडाव. दरवर्षी दिवाळीनंतर नंदुरबार, धुळे आणि डांगकडील शेकडो कुटुंबे या भागातील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला येतात व उन्हाळा लागेपर्यंत राहतात. काही बैलगाड्या घेऊन येतात, काहींना मुकादम वाहनांत भरून आणतो. प्लास्टिकच्या पालीत संसार, बाहेर तीन दगडांची चूल, बाजेला बांधलेली शेळी, डालीखाली कोंबड्या. यान ब्रेमान या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकापासून या लोकांच्या कष्टांविषयी सविस्तर लिहिले आहे. आम्ही चहासाठी थांबलो, तिथे एक बाई लेकराला कडेवर घेऊन आमची गाडी न्याहाळीत उभी राहिली. माई तिच्याशी अहिराणीत बोलू लागल्या. गाव, माहेर, पोरे, सारे विचारून झाले. तिने ओटा पाहिला, पायाने पंप दाबून पाहिला आणि विचारले, “हाई कसासाठी करं?” माईंनी तिला देवीला जावयाचे आहे, एवढेच सांगितले. हौसेपायी कोणी असे पालात राहावयास निघते, हे तिला सांगण्याची हिंमत आमच्यापैकी कोणालाही झाली नाही. ती बाई पहाटे चारला उठून भाकरी थापते, मग दिवसभर उसाच्या मोळ्या बांधते. तिच्या चुलीची उंची मोजण्यास कोणी आले नव्हते.

पहिला मुक्काम व्याऱ्याजवळ एका परिचितांच्या शेतात. तिथे उंबाडियुं झाले. वालपापडी, कंद, रताळी, बटाटे यांना हिरव्या मसाल्याचे वाटण चोळून मडक्यात भरावयाचे, तोंडाशी एका वासाच्या पाल्याचा बोळा घालावयाचा, मडके उपडे ठेवून भोवती पालापाचोळा आणि गोवऱ्या पेटवावयाच्या. वलसाडच्या बाजूला डुंगरीच्या आसपास हमरस्त्यावर थंडीत याची दुकाने लागतात. आमच्या रायगडकडच्या जावेने सांगितले, की भांबुर्ड्याचा पाला घातला की हीच त्यांची पोपटी. माईंनी दोघींना गप्प करून तिसरा विस्तव मागितला आणि हिरवी वांगी काड्यांवर भाजून खानदेशी भरीत केले. तीन प्रांतांची तीन पक्वान्ने, आणि तिन्हींना ओटा लागला नाही! तो इतरांच्या कामी आला. भाकऱ्या, कढी, चहा बिनबोभाट होत राहिले. विस्तवाचे काम पुरुषांनी मोठ्या उत्साहाने केले. पेटलेली आग आणि भोवती प्रेक्षक असले म्हणजे पुरुषांना स्वयंपाक फार आवडतो. म्हणून आम्ही भांडी घासणेही त्याच खात्यात घातले.

पुढे आहव्यावरून सापुताऱ्याला. डांगच्या जंगलात उघड्यावर आग पेटविण्याचा प्रश्नच नव्हता, तिथे गॅसच. घाटात जोडगाडीची खरी परीक्षा झाली. जीपने वेग कमी केला की मागची गाडी पुढे रेटते आणि त्या रेट्यानेच तिचा ब्रेक दाबला जातो, अशी योजना आहे. तरीही उतारावर खालच्याच गिअरमध्ये राहावे लागते. यजमान चालवीत होते आणि माई मागच्या बाकावरून दर वळणाला, पूर्वी बैलांना म्हणत तसे, “हळू, बाबा, हळू” म्हणत होत्या. गाडी एकदाही डुलली नाही.

नांदुरीला पायथ्याशी ट्रेलर सोडून जीपने वर गेलो. गडाच्या पायऱ्यांना पर्याय म्हणून २०१८ मध्ये रुळांवरून चढणारी ट्रॉली सुरू झाली आहे; चार मिनिटांपूर्वी अशक्य वाटणारी गोष्ट माईंनी खिडकीशी बसून पार केली. २०२२ मध्ये मूर्तीवरचे शेंदराचे जुने थर काढण्यात आले, त्यामुळे त्यांच्या आठवणीतले रूप आणि समोरचे रूप यांत अंतर पडले होते. अठरा हातांच्या त्या उंच देवीकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. “बारीक झाली,” एवढेच म्हणाल्या, आणि ओटी भरली.

रात्री पायथ्याशी चुलीची धग संपल्यावर मी त्यांना आत चला म्हटले. त्यांनी गाडीच्या खाली वाकून पाहिले, आसापासून जमिनीपर्यंतचे अंतर हाताने मोजले. गुडघे बरे असते तर त्या खालीच झोपल्या असत्या, याविषयी मला शंका नाही. मग पायरीवर बसून पाय वर घेतले आणि दार उघडेच ठेवावयास सांगितले. थंडी होती, पण ठेवले.

घरी आल्यावर गाडीतून पुष्कळ सामान कमी केले. घडीचे टेबल, दुसरा कंदील, सहापैकी तीन पातेली, आणि चिरंजिवांनी हौसेने बसविलेला गाण्याचा डबा. वजनाचा काटा पुन्हा लावून पाहिला. जोडावर ऐंशी किलो भरले. चंदनी पडव्याला, म्हणजे कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, सुरतकर रस्त्याच्या कडेला बसून घारी आणि भुसू खातात. यंदा आम्ही सोसायटीच्या अंगणात ओटा बाहेर ओढणार आहोत. बुटक्या फळीची जागा माईंनी आतापासूनच अडवून ठेवली आहे.